वाघमुखी सतरा नंबर

मेहकरात आमची शिक्षक कॉलनी आहे. नावात शिक्षक असले तरी घरांत निम्मेच. बाकी कारकून, एक कंपाउंडर आणि मी. मी तहसीलसमोर टेबल टाकून दस्त लिहितो: खरेदीखत, वाटणीपत्र, संमतीपत्र, जे पडेल ते. या धंद्याने डोळा बिघडतो. कोणाचंही घर पाहिलं की आधी चतुःसीमा दिसते, माणूस सगळ्यात शेवटी.

तीस बाय पन्नासचे चोवीस प्लॉट. तेवीस बांधून झाले, सतरा नंबर पंचवीस वर्षं तसाच राहिला. त्याच्या एका बाजूला सोळा नंबर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक भालचंद्र सर. दुसऱ्या बाजूला अठरा नंबर, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले माणिकराव. मधला सतरा मोकळा. मोकळा म्हणजे नावापुरता. सरांची स्कूटी तिथेच उभी राहायची, माणिकरावांच्या बेबीताईंचे पापड तिथेच वाळायचे, कॉलनीचा गणपती तिथे बसायचा आणि उरल्यासुरल्या जागेत तेवीस घरांचा कचरा आपणहून चालत यायचा. मालकीण आशाबाई नागपूरला मुलीकडे राहायच्या. वर्षातून एकदा मला फोन करायच्या, "भाऊसाहेब, प्लॉट जाग्यावर आहे ना?"

मी म्हणायचो, "हाव, तो कुठं जातो?"

त्यांनी तो विकायला काढला होता, पण गिऱ्हाईक पाहून परत जायचं. कारण प्लॉट वाघमुखी. म्हणजे तोंडाशी रुंद आणि मागे निमुळता. राहायला गोमुखी प्लॉट लागतो, तोंडाशी अरुंद आणि मागे पसरट. त्यात लक्ष्मी शिरते ती बाहेर पडत नाही म्हणे. वाघमुखीत दुकान टाकावं, संसार मांडू नये, असं आमच्याकडे चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा सांगतो. सरांचा सोळा नंबर मात्र अस्सल गोमुखी होता. माणिकरावांचा अठराही गोमुखीच. पाहुणा आला की सर त्याला मागच्या अंगणापर्यंत नेऊन तो पसारा दाखवत.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर भाव सांगायचा खेळ चालायचा. सर मोठे खेळाडू.

"डोणगाव रोडले प्लॉट फुटाले अकराशेनं गेला म्हणते. आपली कॉलनी तर बाराशेच्या खाली बोलूच नाही."

"कोणी विकून राह्यलं का, सर?" मी विचारायचो.

"विकत कोणी नाही. पण माहीत पाह्यजे ना!"

विकायचं नाही आणि भाव रोज वाढवायचा. ही आमच्या कॉलनीची एकमेव शेती. तिला पाऊसही लागत नाही.

या भावाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस अकील. जानेफळचा, सेंटरिंग मिस्त्री. स्लॅब टाकायच्या आधी खाली पाट्या, बल्ल्या, लोखंड बांधायचं ते काम. कॉलनीतल्या निम्म्या घरांचे वरचे मजले त्यानेच टाकलेले. लोकांच्या डोक्यावर छत टाकता टाकता स्वतः सोळा वर्षांत पाच भाड्याच्या खोल्या बदलून बसला. मागच्या घरमालकाने साडेचार हजारांचे सहा हजार केले आणि वर म्हणाला, बाजार वाढला. तो बाजार आमच्या बाकावरच वाढत होता, पण अकीलला ते कोण सांगणार?

त्याची बायको गौसिया कॉलनीतल्या बायकांचे ब्लाऊज आणि फॉल-पिको करायची. एक दिवस ती सरांच्या घरी ब्लाऊज द्यायला आली आणि सरांच्या बायकोला, शैलजाकाकूंना, तिने विचारलं, "काकू, हा मधला प्लॉट काऊन कोणी घेत नाही?"

"वाघमुखी आहे गं. राहणाऱ्याला बरकत नाही."

"मंग भाड्याच्या खोलीत लय होऊन राह्यली का बरकत?"

गौसिया तिथून थेट माझ्या टेबलावर. मी आशाबाईंना फोन लावून दिला. पंधराशे चौरस फूट, आठ लाख. कॉलनीचा भाव लावला असता तर अठरा झाले असते. जानेफळच्या शेतातला आपला हिस्सा अकीलने भावाला विकला, गौसियाच्या बांगड्या गेल्या, दोन वर्षांची भिशी उचलली. खरेदीखत मीच लिहिलं. आशाबाई सही करताना म्हणाल्या, "गळ्यातली धोंड गेली." गौसिया म्हणाली, "आमच्या गळ्यात द्या, आमच्या गळ्यात आता काहीच नाही." दोघी हसल्या. मी चतुःसीमा लिहीत होतो. पूर्वेस प्लॉट नंबर सोळा, पश्चिमेस अठरा, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस मागच्या ओळीचा प्लॉट. आणि आकार, मूळ ले-आउटप्रमाणे, सरळ आयत.

तेव्हा माझं पेन क्षणभर थांबलं होतं. पण दस्त लिहायचे पैसे मिळतात, थांबायचे मिळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कॉलनीची बैठक सरांच्या हॉलमध्ये. अकीलचं नाव कोणी घेतलं नाही. त्याच्या नमाजाचा, त्याच्या ईदचा विषय निघाला नाही. सगळे फक्त हवेबद्दल बोलले.

"हवा बंद होईल."

"उजेडही."

"गणपती कुठं बसवाचा?"

"पार्किंगचा मोठा प्रश्न आहे हो," असं कंपाउंडर म्हणाला, ज्याच्याकडे सायकल आहे.

हवेचा मुद्दा खोटा नव्हता, हेही सांगून टाकतो. सरांच्या मधल्या खोलीची खिडकी सतरा नंबरकडेच उघडायची. पण ती खिडकी दुसऱ्याच्या जागेतली हवा पंचवीस वर्षं फुकट पीत होती, हे बैठकीच्या इतिवृत्तात आलं नाही.

सरांच्या पोटातली गोष्ट निराळी होती. त्यांचा शंतनु पुण्याला. दोन खोल्यांचा फ्लॅट बहात्तर लाख. सुरुवातीचे पंधरा लाख भरायला सर आपलं घर बँकेत तारण ठेवणार होते. बँकेचा माणूस घराची किंमत काढायला यायचा होता, आणि शेजारी सेंटरिंगच्या पाट्या आणि बल्ल्या रचलेल्या दिसल्या तर किंमत पडेल असं सरांनी ठरवून टाकलं होतं. बापाला मेहकरात भाव हवा होता, कारण पोराला पुण्यात भाव परवडत नव्हता.

अकीलची घाई वेगळी. त्याचं घरकुलाच्या यादीत नाव लागलं होतं. अडीच लाखांचं अनुदान. अट एवढीच की एकतीस मार्चच्या आत जोतं वर आलं पाहिजे, नाही तर नाव यादीतून बाद. हातात अनुदान सोडून दोन लाख उरलेले. म्हणजे अनुदान गेलं की घर गेलं आणि प्लॉटवर नुसतं उभं राहायचं. बांधकाम परवानगीचा अर्ज त्याने टाकला तेव्हा फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा चालू होता.

सरांनी हरकत घेतली. हरकत मीच लिहिली, म्हणजे सर सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. सरांचं म्हणणं असं: प्लॉट मागून चोवीसच फूट भरतो. त्यांनी स्वतः पावलांनी मोजलं होतं. खरेदीखतात तीस लिहिलंय. अर्थात हा माणूस तीस फूट बांधायला निघाला तर आमच्या हद्दीत घुसणार.

"आणि मोजणीचा अर्जही लिहा," सर म्हणाले. "माझ्या प्लॉटची. जलद. बँकेलाही नकाशा पाहिजेच आहे. माणिकरावांचाही अर्ज लिहा सोबत."

"सर, नक्की ना? मोजणी झाली की सगळ्यांचीच होते बरं."

"म्हणूनच! कागदाले कागदानं उत्तर."

माणिकराव थोडे चुळबुळले. "सर, काय गरज आहे? आपसात..."

"घाबरता काय माणिकराव? आपलं गोमुखी आहे, लपवाचं काय?"

माणिकरावांनी खिशातून पेन काढलं, परत ठेवलं, परत काढलं आणि सही केली. मी दोन्ही अर्ज नीट घडी घालून दिले. अर्जाचे मला तीनशे मिळतात. सल्ला कोणी मागितला नव्हता.

मोजणीला पुष्पांजली मॅडम आल्या. तिशीतल्या, डोक्यावर टोपी, पायात स्पोर्ट्स शूज, हातात ते उंच काठीचं यंत्र आणि एक लाल रंगाचा डबा. सकाळी नऊलाच अख्खी कॉलनी सतरा नंबरवर जमली. अकील आणि गौसिया एका कडेला उभे. अकीलचा चेहरा असा की जणू त्यानेच काही चोरलंय. सरांनी मॅडमना चहा आणवला, रस्त्याकडचा कोपरा दाखवला आणि शिकवल्यासारखं समजावून सांगितलं.

मॅडम चहा पिऊन मागच्या टोकाला गेल्या. यंत्र पाहिलं. नकाशा पाहिला. सरांची भिंत पाहिली.

"सर, ही भिंत कोणाची?"

"आमची."

"आणि खालची जागा?"

"म्हणजे काय, आमचीच."

"नकाशा तसं म्हणत नाही. छताखाली यंत्र चालणार नाही, टेप आत घ्यावा लागेल. येऊ का घरात?"

नाही कसं म्हणणार? अर्जदार तेच. टेप मागच्या दाराने आत गेला, पॅसेज ओलांडला आणि न्हाणीघरात शिरला. शैलजाकाकू पुढे पळत जाऊन वाळत घातलेले कपडे ओढून काढत होत्या. मॅडमनी टाईलवर लाल फुली मारली. न्हाणीचं दार सरांच्या प्लॉटात होतं. नळ, बादली, गिझर आणि सर जिथे बसून अंघोळ करत ते स्टूल, हे सगळं अकीलच्या प्लॉटात.

माणिकरावांना हसू आवरेना. "सर! पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या गावात जाऊन अंघोळ!"

"आता तुमच्याकडे," मॅडम म्हणाल्या.

माणिकरावांचं हसू तिथेच सुकलं. टेप त्यांच्या स्वयंपाकघरात गेला. बेबीताई पोळ्या करत होत्या. लाल फुली ओट्यावर, गॅसच्या शेगडीच्या बरोबर मधोमध पडली. एक बर्नर माणिकरावांचा, एक अकीलचा. पोळी दुसऱ्या बर्नरवर फुगत होती.

"बाई, करा करा," गौसिया दारातून म्हणाली. "भाडं नाही मागत."

मग हळूहळू उलगडलं. पंचवीस वर्षांपूर्वी घरं बांधताना एकाच वास्तूवाल्याने दोघांनाही सांगितलं होतं: प्लॉट सरळ आहे, गोमुखी करून घ्या, मागून तीन फूट सरका, शेजारी मोकळंच आहे. सर इकडून सरकले. माणिकराव तिकडून. दोघांनी दोन वेगळ्या उन्हाळ्यांत, एकमेकांना न सांगता. दोघांच्या बरकतीत मधल्या प्लॉटचा मागचा भाग सहा फुटांनी आवळला आणि तो बिचारा वाघ झाला. म्हणून कोणी घेईना, म्हणून भाव पडला, म्हणून तो अकीलच्या हाताशी आला. सर आणि माणिकराव यांनीच तो प्लॉट अकीलसाठी स्वस्त करून ठेवला होता. पंचवीस वर्षांची मेहनत.

सरांबद्दल एक खरं सांगतो. ते खोटं बोलत नव्हते. ते विसरले होते. एवढी वर्षं पाहुण्यांना गोमुखी दाखवून दाखवून त्यांना तो जन्मतःच तसा वाटायला लागला होता. माणिकराव विसरले नव्हते; पण त्यांनी आयुष्यभर साहेबांसमोर मान हलवली होती, त्यांना सवय नव्हती नाही म्हणायची.

संध्याकाळी अकील माझ्याकडे आला. "काका, आता जागा मिळते ना?"

"मिळते. दावा टाक. दहा वर्षांत मिळते."

"आणि एकतीस मार्च?"

"तो बावीस दिवसांवर आहे."

सरांनाही हा हिशोब येत होता. त्यांनी हरकत मागे घेतली नाही. "जा म्हणावं कोर्टात," असं बाकावर बसून म्हणाले. पण त्यांचा आवाज बाराशेवरून सहाशेवर आलेला होता. कारण त्यांच्याच अर्जावरून निघालेला मोजणीचा नकाशा आता त्यांच्याच बँकेच्या फाईलमध्ये जाणार होता, आणि त्यात त्यांची न्हाणी दुसऱ्याच्या प्लॉटात लाल रेघेने बसलेली होती. बँकेने कळवलं: शेजाऱ्याची लेखी संमती आणा, नाही तर तारण होणार नाही. शंतनुचा फोन रोज येत होता. पुण्याच्या बिल्डरने बुकिंग महिनाअखेरपर्यंतच धरलं होतं.

म्हणजे अकीलला सरांची सही हवी होती आणि सरांना अकीलची. दोघेही एकतीस मार्चची वाट बघत, तोंड फिरवून बसले. अकील तर म्हणायला लागला, "जाऊ द्या काका, खोलीच बरी. सहा तर सहा हजार." चार दिवस गेले. पुरुषांचं असंच असतं, अडकलेला खिळा दोघं दोन बाजूंनी ओढतात.

पाचव्या दिवशी गौसिया शैलजाकाकूंकडे गेली. हातात ब्लाऊजचं कापड, निमित्ताला. मलाही बोलावून घेतलं होतं, कोरा स्टॅम्प घेऊन. सर आतल्या खोलीत होते, पण कान हॉलमध्ये होते. अकील उंबऱ्यात.

"काकू, तुमची न्हाणी पाडाची नाही. बेबीताईचा ओटाही नाही."

काकूंनी कापड हातात घेतलं. "मग?"

"भिंत ठेवा. आम्ही भिंत बांधतच नाही. तुमच्याच भिंतीवर स्लॅब टेकवतो. इकडून तुमची, तिकडून माणिकरावची. आम्ही निस्ती पुढची अन् मागची बांधतो."

सर आतून बाहेर आले. "आमच्या भिंतीवर? आमच्या?"

"सर," अकील पहिल्यांदाच बोलला, "भिंत कुठं उभी हाय?"

सर मुद्द्यावरून बांधकामाकडे वळले, शिक्षक शेवटी. "ती भिंत तुझा स्लॅब पेलणार का?"

"तुमचा वरचा स्लॅब मीच टाकला ना सर. नऊ इंची आहे, खाली बीम, वर बीम, आतल्या कॉलमात किती गज आहे ते बी मले ठाऊक. त्या टाइमाले तुम्ही म्हणत होते, लोखंड जास्त लावून राह्यला. लावलं ते कामी आलं."

प्लॅन काढणाऱ्या इंजिनिअरला आम्ही तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, अकीलचा हिशोब बरोबर आहे. दोन्हीकडची लेखी संमती आणि हरकत मागे, एवढं द्या, जोडभिंतीचा प्लॅन दोन दिवसांत टाकतो.

आता घासाघीस. काकूंनी न्हाणीच्या झरोक्याला हवा मागितली. गौसियाने दोन फुटांचा डक्ट, म्हणजे वरपर्यंत उघडी पोकळी, दिला, वर "पाणी तुमच्याकडून सांडलं तर फरशी तुम्ही पुसाची" ही अट घातली. मधल्या खोलीची खिडकी बंद होणार हे सरांनी मान्य केलं, पण मान्य करताना त्या खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ बाहेर पाहत होते. स्कूटीच्या सीटवर अंग चाटत बसलेलं एक मांजर सोडलं तर बाहेर काही नव्हतं. तरी ते पाहत होते. गौसिया मऊ झाली. "सर, खिडकीवर झरोका ठेवा, आमच्या छतावर जाळी ठेवतो, वरून थोडा उजेड येईन तुमच्याकडे." सर वळून म्हणाले, "येईल का?" अगदी विद्यार्थ्यासारखं.

माणिकरावांना विचारायला माणूस पाठवला. ते चपला घालूनच बसले होते, धावत आले आणि कागद न वाचता सही करायला लागले. बेबीताईंनी हात धरला आणि आधी पूर्ण वाचून घेतला.

मी मनातल्या मनात बेरीज मांडली. अकीलने सोडलेली जागा दोन्हीकडून मिळून दीडशे चौरस फूट. त्याने घेतलेल्या भावाने ऐंशी हजारांची. त्याला मिळालेल्या दोन तयार भिंती पायासकट दोन लाखांच्या. सरांनी मात्र हिशोब आपल्या बाराशेच्या भावाने केला, म्हणजे त्यांना नव्वद हजारांची जागा फुकट पडली. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटत होतं. असा दस्त वर्षातून एखादाच लिहायला मिळतो. पाचशेच्या स्टॅम्पवर दोन प्रती, एक बँकेला, एक परवानगीच्या फाईलला.

अठ्ठावीस मार्चला जोतं वर आलं; त्याच आठवड्यात सरांच्या बँकेनेही तारण मंजूर केलं. पुढच्या आणि मागच्या भिंती अकीलने भावांना घेऊन उभ्या केल्या. स्लॅब मे महिन्यात पडला. बाकावर आता सर म्हणतात, "कॉलनी पूर्ण भरली. तेराशेच्या खाली बोलूच नाही." गणपती चौकात बसला, तिथे मंडपाला लाईट जास्त मिळाली, आणि कंपाउंडरच्या सायकलला अजून कोणी धक्का लावलेला नाही. घर पुढून ऐसपैस आहे आणि मागे स्वयंपाकघरात गौसियाला दोन्ही हात पसरता येत नाहीत. ती म्हणते, लाटायला एकच हात पसरावा लागतो.

परवा संध्याकाळी मी तिथे अकीलसोबत चहा घेत होतो. गौसियाने भिंतीवरचं घड्याळ लावायला खिळा घेतला आणि हातोडीचे दोन ठोके दिले. पलीकडून काहीतरी खळकन पडलं.

"अगं हळू!" भिंतीतून शैलजाकाकूंचा आवाज. "इकडे फोटो आहे!"

"किती खाली ठोकू काकू?"

"थोडं डावीकडे घे! तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!"

गौसियाने सरकवून पुन्हा ठोकला. आता सरांचा आवाज आला, "भिंत सामाईक आहे म्हणून काय वाट्टेल तिथं खिळे मारायचे का? हे कागदात आहे का?"

नव्हतं. खिळ्याचं कलम घालायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. पाचच मिनिटांत सर चपला सरकवत सतरा नंबरच्या दारात आले, अकीलला म्हणाले, "तो खिळा जरा वर घे," आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, आहे का तुमच्याकडे एखादा स्टॅम्प?"

गौसियाने त्यांच्यासमोर खुर्ची सरकवली आणि आतून तिसरा कप आणायला गेली.